प्रेशरचा भूगोल

हे घडलं एकोणीसशे ब्याऐंशी साली. साल पक्कं आहे, कारण त्याच साली भूगोलबाईंच्या घरी जेवणाचं नवंकोरं टेबल आलं आणि त्याच साली त्या टेबलावर कुणालाही जेवायला मिळालं नाही.

भूगोलबाई म्हणजे मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई. घरात माणसं तीन. बाई, त्यांचे यजमान आणि यजमानांची धाकटी, बिनलग्नाची बहीण. ही बहीण नाक्यावरच्या दवाखान्यात नर्स होती. सगळी वस्ती तिला सिस्टर म्हणे. ऐकून ऐकून सख्खा भाऊही सिस्टरच म्हणू लागला होता, आणि त्यात त्याचं काही चुकत होतं असंही म्हणता येत नाही.

वहिनी-नणंदेचं रोज भांडण होई. स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवायची की बंद, एवढाच विषय. एकीला धूर सोसत नसे, दुसरीला वारा. पण भांडणाला कशी शिस्त होती! सकाळचा चहा झाला की सुरू, बाईंची शाळेची वेळ झाली की बंद. एखाद्या दिवशी राहून गेलं तर दोघींनाही दिवसभर काहीतरी विसरल्यासारखं वाटत राही.

घरात चौथंही कुणीतरी होतं, ते म्हणजे यजमानांचं प्रेशर. यजमान पाणीपुरवठा खात्यात होते. कचेरीसमोरच आरोग्य मंडळाचा दुसरा एक दवाखाना होता. आठेक वर्षांपूर्वी कसल्याशा प्रमाणपत्रासाठी ते तिथे गेले, हाताला पट्टा बांधून घेतला आणि प्रेशर घेऊन घरी आले. त्या दिवसापासून गोळ्या सुरू झाल्या, आणि त्यांनी बादली उचलली नाही, पिशवी धरली नाही, की माळ्यावर चढले नाहीत. पाहुणे आले की आधी त्यांची ओळख, मग प्रेशरची. ‘हळू बोला हं, यांना प्रेशर आहे.’ लोकांना पदव्या असतात, यजमानांना प्रेशर होतं. बहीण नर्स असूनही तिच्याकडून त्यांनी ते कधी मोजून घेतलं नाही. “घरच्या माणसाच्या हाताला गुण नसतो,” असं ते म्हणत.

तर अशा या सुखी घरात मंडळाचं पत्र आलं. मंडळ म्हणजे त्या सगळ्या टापूतले चौदा दवाखाने चालवणारं आरोग्य मंडळ. पत्रात लिहिलं होतं, की आकडेवारी पाहता नाक्याच्या भागातली जनता निरोगी असल्याचं आढळून आलं आहे, विशेषतः रक्तदाबाचे रुग्ण इतर ठिकाणांच्या मानाने नगण्य आहेत, सबब हा दवाखाना बंद करण्यात येत असून सिस्टरची बदली डोंगरपल्याडच्या शेवटच्या दवाखान्यात करण्यात येत आहे. तिथून रोज ये-जा करणं शक्यच नव्हतं. बिऱ्हाडच करावं लागणार.

पहिल्या दिवशी वस्तीला आनंद झाला. निरोगी असल्याचं सरकारी भाषेतलं पत्र कुणाला मिळतं? पण वरच्या मजल्यावरचे पेन्शनरकाका भडकले.

“मी निरोगी?” ते जिन्यातूनच ओरडले. “माझे गुडघे, माझं पोट, माझी पाठ! या सगळ्यांचा हा अपमान आहे!”

सिस्टरने गणवेशाला इस्त्री केली आणि म्हणाली, “जाईन. निदान तिथे खिडकी तरी माझ्या मर्जीने उघडीन.”

“जा की,” बाई म्हणाल्या. “कोण अडवतंय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला. खिडकी अर्धी उघडी होती. दोघींनी तिच्याकडे पाहिलं आणि कुणीच काही बोललं नाही. ती शांतता पाहून यजमानांना धडकी भरली. “अगं, भांडा ना काहीतरी,” ते म्हणाले. “माझं प्रेशर वाढतंय.”

बाईंच्या डोक्यात मात्र भलताच किडा वळवळत होता. मंडळाचं चूक की बरोबर हा प्रश्न पुढचा. त्यांना पडलेला प्रश्न शुद्ध भूगोलाचा होता. चौदा दवाखाने आहेत तरी नेमके कुठे? आणि जिथे आहेत तिथेच का? गाव कुठे वसतं, बंदर कुठे होतं, हे त्यांनी जन्मभर मुलींना शिकवलं होतं. दवाखाना कुठे उगवतो हे कुठल्याच धड्यात नव्हतं. एकदा कुतूहल जागं झालं की बाईंना भूक लागत नसे, आणि मग घरात इतरांनाही लागू नये अशी त्यांची अपेक्षा असे.

नकाशा हवा म्हणून बाई नकाशा कचेरीत गेल्या. खिडकीमागच्या कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला.

“नकाशा कशासाठी, या रकान्यात तुम्ही ‘कुतूहल’ लिहिलंय.”

“हो.”

“कुतूहल चालत नाही.”

“मग काय चालतं?”

“विहीर, रस्ता, वाटणी आणि खटला.”

बाईंनी क्षणभर विचार केला. वाटणीला भाऊ लागतात, खटल्याला वकील लागतो, रस्त्याला तर अख्खं खातं लागतं. त्यांनी विहीर लिहिली. चार खेपा झाल्या, दोन शिक्के बसले, एका साहेबांच्या मुलीला शाळेत भूगोलात किती गुण पडतील याची चौकशी झाली, आणि अखेर नकाशा हाती आला. तो विहिरींचाच होता. त्यावर रस्ते नव्हते, टेकड्या नव्हत्या, गावांची नावं जेमतेम होती. जमिनीखाली पाणी कुठे आहे एवढंच निळ्या ठिपक्यांनी दाखवलं होतं.

“मला विचारायचं होतंस,” यजमान म्हणाले. “आमच्या खात्यात भिंतभर नकाशे आहेत.”

“मग बोलला का नाहीत?”

“प्रेशरमुळे मी कचेरीचा विषय घरी आणत नाही.”

तो विहिरींचा नकाशा नव्या टेबलावर अंथरला गेला आणि तिथेच राहिला. कोपऱ्यातल्या शिंप्याने लाल गुंड्या दिल्या. एकेका दवाखान्याच्या जागी एकेक गुंडी. घरची मंडळी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्याने जेवू लागली आणि वस्तीतली माणसं गुंड्या बघायला येऊ लागली. प्रत्येकाने आधी आपलं घर शोधलं. ते न सापडल्यावर नकाशा चुकीचा ठरवला, आणि मग सल्ला दिला. शिंपी म्हणाला, मंडळाच्या संस्थापक डॉक्टरांची सासुरवाडी कुठली ते बघा, सगळं कळेल. पेन्शनरकाकांचा संशय जमिनीच्या भावावर होता. काकूंना सगळ्या गुंड्या मिळून बदकासारख्या दिसत होत्या, आणि त्यांनी एकदा म्हटल्यावर पुढे कित्येक दिवस कुणालाच बदकाखेरीज काही दिसेना.

बाईंना मात्र दिसलं. नाक्यावरची गुंडी सोडली तर एकही दवाखाना निळ्या ठिपक्याजवळ नव्हता! जिथे पाणी नाही तिथे दवाखाना. त्यांनी रविवारी वस्तीला बोलावून, हातात पट्टी घेऊन, उपपत्ती मांडली. पाणी कमी, म्हणून स्वच्छता कमी, म्हणून रोगराई जास्त, म्हणून डॉक्टरांनी तिथे दवाखाने काढले. काय ती मांडणी, काय तो आवाज! टाळ्यासुद्धा पडल्या.

टाळ्या थांबल्यावर सिस्टर म्हणाली, “छान. म्हणजे नाक्यावर पाणी भरपूर, म्हणून इथली माणसं निरोगी. मंडळाला एवढं शास्त्रीय कारण सुचलं नव्हतं, वहिनी. तू त्यांना लिहून कळव.”

बाई पट्टी खाली ठेवून आत गेल्या. भूगोलाने त्यांना भर सभेत तोंडघशी पाडण्याची ही पहिलीच वेळ होती.

पण कुतूहल अपमानाला पुरून उरतं. बाईंनी ठरवलं, की नकाशा गेला खड्ड्यात, आपण स्वतः जाऊन एकेक दवाखाना पाहायचा. सोबतीला यजमान. त्यांनी आजारपणाची रजा काढली, जी त्यांना प्रेशरवर केव्हाही मिळे. पुढचे कितीतरी दिवस दोघं बसने हिंडत होती. प्रत्येक ठिकाणी बाई आजूबाजूची घरं, दुकानं, झाडं टिपून घेत आणि यजमान आत जाऊन पट्टा बांधून घेत. रिकाम्या हाताने परत यायचं कसं?

“किती?” बाहेर आल्यावर बाई विचारीत.

“भरपूर,” यजमान तृप्तपणे सांगत.

बाई काहीही टिपत होत्या. एका दवाखान्यासमोर वडाचं झाड होतं, मग पुढचे तीन दवाखाने वडाच्या शोधात गेले आणि वड काही सापडला नाही. एका ठिकाणी शेजारी लोहार होता, एका ठिकाणी शाळा, एका ठिकाणी नुसताच दगड. यजमान म्हणाले, “अगं, काहीच सारखं नाही, हेच यांच्यात सारखं आहे असं लिही ना. सुटका तरी होईल.”

मग शेवटच्या, डोंगरपल्याडच्या दवाखान्याची पाळी आली. सिस्टरला धाडणार होते तो. बस एका वळणावर थांबली, कंडक्टर म्हणाला, “उतरा, पुढे गाडी चढत नाही,” आणि दोघं चालत निघाली. शेवटच्या वळणावर यजमानांनी कठडा धरला. बाईंनी यजमानांना धरलं. दवाखान्यातल्या कंपाउंडरने दोघांना दारातच पाहिलं. मोठा शांत माणूस. बायको जाऊन काही वर्षं झालेली, एकटाच राहायचा, औषधाच्या बाटल्यांत रानफुलं लावायचा. त्याने आधी यजमानांना पट्टा बांधला, मग म्हणाला, “बाई, तुमचंही बघू का? रंग उतरलाय तुमचा.”

बाईंना प्रेशर निघालं. चांगलं खणखणीत.

“अभिनंदन,” यजमान म्हणाले. पण आवाजात उत्साह नव्हता. एका घरात दोन प्रेशर म्हणजे पिशवी कोण उचलणार, हा विचार त्यांच्या मनात येऊन गेला असावा.

परतीच्या बसला वेळ होता. बाई बाहेर पायरीवर बसून राहिल्या. खालून माणसं वर येत होती. एक म्हातारी शेवटच्या वळणावर थांबली, कमरेवर हात ठेवून श्वास घेतला, आणि वर येऊन थेट पट्ट्याखाली हात दिला. तिच्यामागून एक धडधाकट गवंडी आला. तोही तिथेच थांबला. मग एक बाई कडेवर मूल घेऊन. तीही तिथेच. जो तो त्या वळणावर थांबत होता, जसे आपण दोघं थांबलो होतो. आणि फक्त इथेच का? लोहाराच्या शेजारी जातानाही यजमानांनी खांब धरला होता. शाळेजवळ कुंपण. दगडाजवळ दगड.

बाई ताडकन उठल्या. मग काहीतरी आठवून पुन्हा खाली बसल्या, मुद्दाम, सावकाश. बराच वेळ बसून, श्वास अगदी निवल्यावर त्या आत गेल्या.

“माझं पुन्हा मोजा.”

कंपाउंडरने मोजलं. भुवया उंचावल्या. पुन्हा मोजलं. “गेलं की!” तो म्हणाला.

“आता यांचं मोजा.”

“माझं कशाला?” यजमान दाराकडे सरकत म्हणाले. “माझं जुनं आहे. मुरलेलं आहे.” आणि बस चुकेल म्हणून ते जे निघाले ते उतारावरून जवळजवळ धावतच.

सगळे दवाखाने चढावर! जन्मभर समोच्चरेषा शिकवून ही गोष्ट बाईंना डोळ्यांनी कळली नव्हती, ती पोटऱ्यांनी कळली. एकटा नाक्यावरचा दवाखाना सपाटीला. तिथे माणूस धापा न टाकता येतो, म्हणून तिथले आकडे साळसूद. निरोगी वगैरे कुणी नव्हतं. बाकीचे दमलेले होते, एवढंच.

पण डॉक्टर माणसाने दवाखाने चढावर काढलेच का, हा किडा वळवळतच होता. तेव्हा बाई संस्थापकांकडे गेल्या. त्यांना मोठे डॉक्टर म्हणत. ऐंशी उलटलेली, ऐकू जरा कमी, पण गप्पांना पक्के. प्रश्न ऐकून ते इतके हसले, की त्यांच्या सूनबाई पाणी घेऊन आल्या.

“अहो, माझी गाडी!” ते म्हणाले. “जुनी, तापट. चढ आला की वाफ. अर्ध्या चढावर, नाहीतर माथ्यावर बसायची रुसून. ती निवेपर्यंत मी काय करणार? लोक जमायचे. कुणाला खोकला, कुणाचं बोट कापलेलं. बॉनेटवर औषधं मांडायचो. पुढच्या वेळी गाडी तिथेच बसायची, लोक आधीच जमलेले असायचे. मग म्हटलं, इथे एक खोलीच घेऊ.”

“आणि नाक्यावरचा? तो तर सपाटीला आहे.”

“तिथे ती चढावरच बसली होती. पण मी ब्रेक ओढायला विसरलो. खोकला तपासतोय तोवर गाडी मागच्या मागे निघाली, ती थेट नाक्यावरच्या भिंतीला टेकून थांबली. मी आणि पेशंट दोघेही मागून धावत. त्याचा खोकला बरा झाला, म्हणून लोकांचा जागेवर विश्वास बसला.”

एवढं हाती आल्यावर मंडळाच्या बैठकीत जाऊन बदली रद्द करून घेणं म्हणजे हातचा मळ, असं बाईंना वाटलं. मंडळाची कचेरी चौथ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट दुरुस्तीला गेली होती. ती बसवल्यापासून दुरुस्तीलाच होती. बाई, सिस्टर आणि यजमान जिने चढून वर पोचले तेव्हा आकडेवारी सांभाळणारे साहेब त्यांचीच वाट बघत होते. आकडेसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

“म्हणजे तुमचं म्हणणं, आमच्या तेरा दवाखान्यांतले पेशंट आजारी नाहीत?”

“आहेत ते असतीलच. पण किती, ते तुम्हाला ठाऊक नाही, एवढंच म्हणते.”

“बाई, भूगोल वेगळा, वैद्यक वेगळं. एक तरी पेशंट दाखवा, ज्याचं प्रेशर नुसतं बसल्याने गेलं.”

“मी आहे ना.”

“तुम्ही तक्रारदार. तुम्ही नाही चालणार. जुना, नोंदलेला पेशंट पाहिजे.”

सिस्टरने आपल्या भावाकडे पाहिलं नाही. ती खिडकीबाहेर पाहत होती, आणि तेवढ्यानेच यजमानांना काय ते कळलं. आठ वर्षांचं प्रेशर! त्याच्या जिवावर किती लग्नांच्या पंगतीत खुर्ची मिळाली होती, किती बादल्या दुसऱ्यांनी उचलल्या होत्या. ते गेलं तर ते कोण राहणार होते? पाणीपुरवठा खात्यातले एक गृहस्थ.

“मी नोंदलेला आहे,” यजमान उठून म्हणाले. “माझं मोजा.”

अध्यक्ष स्वतः डॉक्टर होते. बाईंनी यजमानांना एकदा खाली जाऊन पुन्हा जिने चढून यायला लावलं, आणि सिस्टर घरची म्हणून आल्याआल्या अध्यक्षांनीच पट्टा बांधला. आकडा मोठा आला. आकडेसाहेबांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. “आता बसू द्या त्यांना,” बाई म्हणाल्या. यजमान खुर्चीत डोळे मिटून बसले. चहा आला, तो सगळ्यांनी घेतला, यजमानांनी घेतला नाही. मनात आणलं असतं तर ते एखाद्या जुन्या साहेबाची आठवण काढून रागाने प्रेशर राखू शकले असते. पण ते शांत बसले. आयुष्यात एवढं कष्टाचं काम त्यांनी त्याआधी कधी केलं नव्हतं.

अध्यक्षांनी पुन्हा पट्टा बांधला. फुगा दाबला. सोडला. मग सावकाश म्हणाले, “यांना काहीही झालेलं नाही.”

“दादा,” सिस्टर एवढंच म्हणाली.

“एक मिनिट,” अध्यक्ष म्हणाले आणि स्वतःची बाही वर करू लागले. “सिस्टर, जरा माझं बघता? मीही इथे चढून आलो की लगेच मोजतो. सहा वर्षं गोळ्या घेतोय.” त्यांचं पाहून चिटणीसांनी बाही सरसावली. मग खजिनदारांनी. विषयपत्रिका तशीच राहिली आणि अख्खं मंडळ बाह्या वर करून, तोंडातून शब्द न काढता, निवत बसलं. आकडेसाहेब तेवढे म्हणाले, की मला मोजायचं नाही. त्यांचं सगळ्यात शेवटी मोजलं, आणि निघालं ते एकट्यांचंच खरं निघालं.

पुढे काय काय झालं ते सांगते. नाक्यावरचा दवाखाना राहिला. बाकीचे तेरा खाली आणायला पैसे नव्हते, म्हणून मंडळाने प्रत्येकाच्या दारात एकेक बाक टाकला आणि आधी बसायचं, मग मोजायचं, असा नियम केला. आकडे निम्म्यावर आले आणि आकडेसाहेब, वेळेवर औषध सुरू झाल्यामुळे, पुढे खूप वर्षं जगले, पण बाईंना त्यांनी क्षमा केली नाही. मोठ्या डॉक्टरांची गाडी त्यांच्या नातवाने विकायला काढली. ती घेणाऱ्याच्या दारापर्यंतसुद्धा पोचली नाही. पेन्शनरकाका आपल्या सगळ्या दुखण्यांसकट नव्वदीपार गेले. यजमानांच्या गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू बंद केल्या. त्यांच्या हातात पिशवी आली, आणि बाजारात भाव करता करता ते इतके रमले, की पुढे बाईंना पिशवी मागूनही मिळेना.

सिस्टरची बदली रद्द झाली. बाक टाकल्यावर सगळ्या दवाखान्यांना नवी पद्धत शिकवायला तिलाच पाठवलं. शेवटच्या दवाखान्यात ती शिकवायला गेली ती पुन्हा गेली, पुन्हा गेली, आणि पुढच्याच वर्षी तिने त्या कंपाउंडरशी लग्न केलं आणि स्वतः अर्ज करून तिथली बदली मागून घेतली. जिथे तिला जावं लागू नये म्हणून बाईंनी अख्ख्या मंडळाशी पंगा घेतला होता, तिथेच! बाईंनी त्या अर्जावरचा पत्ता स्वतःच्या हाताने लिहून दिला आणि नंतर दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत.

घरातली खिडकी मग कशीही राहिली तरी कुणाची हरकत नसे. बाईंना ते सहन होईना. दर महिन्याला एका रविवारी त्या बसने निघत, कंडक्टर उतरवी तिथे उतरत, शेवटच्या वळणावर कठडा धरून श्वास घेत आणि वर जाऊन बाकावर बसत. सिस्टर पट्टा हातात घेऊनच बाहेर येई. “बस जरा निवांत, वहिनी. मग मोजते.” पण तिच्या नव्या स्वयंपाकघरालाही एक खिडकी होती, आणि बाईंना बाकावरून ती दिसत असे. “ही अशी सताड उघडी का टाकलीयस गं?” एवढं बाई म्हणाल्या की पट्टा बाजूला राही. दोघींचा आवाज पार खालच्या वळणापर्यंत जाई, खालून येणारे पेशंट त्या आवाजाच्या रोखाने चढत येत, आणि परतीच्या बसची वेळ होईपर्यंत वहिनीचं प्रेशर मोजायचं राहूनच जाई.